काशीआत्याचा हॉटस्पॉट

काशीआत्या रोज सकाळी आधी पडवी झाडायची, मग खळं, आणि मग दगडी गडगा ओलांडून पलीकडे जाऊन कातळ झाडायची. सगळा कातळ नव्हे. तो तर नजर जाईल तिथवर पसरलेला उघडा, काळपट सडा. त्यातला अंथरुणाएवढा एक तुकडा तिने आपला मानला होता. त्यावर झाडण्यासारखं काही नसायचं. वाऱ्याने आलेलं एखादं पान, शेळीच्या लेंड्या, कधी नुसतीच धूळ. तरी ती हिराची केरसुणी घेऊन वाकायची, या टोकापासून त्या टोकाला जायची, आणि मग कंबर सरळ करून खाली वाडीकडे बघायची. कुणी वर येतंय का, एवढंच.

येत कुणी नसायचं.

आमचं गाव राजापूर तालुक्यातलं, आणि काशीआत्याचं घर गावातलं शेवटचं, सड्याला टेकलेलं. तिचं माहेर खालच्या वाडीत आणि सासर वरच्या. लग्न होऊन ती फक्त पायऱ्यांची पाखाडी चढून वर गेली होती. त्यामुळे ती अख्ख्या गावाची आत्याच राहिली. पूर्वी राजापूरच्या बाजाराची पायवाट तिच्या खळ्याच्या कडेने जायची. येणारा-जाणारा तिच्याकडे थांबून गूळपाणी घ्यायचा, डोक्यावरचा भारा गडग्यावर टेकवायचा, गावच्या दोन बातम्या देऊन पुढे व्हायचा. मग खालून डांबरी रस्ता झाला, एस.टी. शाळेपाशी थांबायला लागली, आणि वाट मोडली. वाट मोडते म्हणजे ती कुणी तोडत नाही. लोक फक्त यायचे थांबतात. बाकीचं काम गवत करतं.

तिचा नवरा भागोजी मुंबईला छापखान्यात होता. निवृत्त होऊन गावी आला आणि थोड्याच वर्षांत गेला. मूलबाळ नव्हतं. पुतण्या गुरुप्रसाद डोंबिवलीला राहायचा. तो वाईट नव्हता, उलट फारच चांगला होता, आणि तीच अडचण होती. दर रविवारी त्याचा फोन यायचा. काशीआत्याकडे बटणांचा साधा फोन होता. तो वाजला की ती तो कानाला लावून कातळावर जायची, कारण घरात नुसती खरखर ऐकू यायची.

"काकी, एकटी काय करतंस तिथं? दारात माणूस तरी येतं काय?"

"येतंत की."

"कोण येतंत?"

"येतंत रे. आता काय नावं सांगू?"

एका शिमग्याला तो गावी आला आणि चार दिवस पडवीत बसून राहिला. चार दिवसांत पालखी सोडून वर कुणीही आलं नाही. पाचव्या दिवशी निघताना त्याने बॅग खांद्यावर घेतली आणि शांतपणे म्हणाला, "बघितलंस?"

काशीआत्याने बघितलं होतं. ती म्हणाली, "ज्या साली माझ्या दारात माणूस फिरकायचा नाय, त्या साली घेऊन जा मला. मी काय बोलायची नाय."

गुरुप्रसादला वाटलं, जिंकलो. त्याने डोंबिवलीला जाऊन गॅलरीला काच बसवून घेतली, काकीची खाट तिथे मावेल अशी. ही बातमी त्यानेच उत्साहाने फोनवर सांगितली. काशीआत्याने विचारलं, "गॅलरीतनं काय दिसतं?" तो म्हणाला, "समोरची गॅलरी."

त्यानंतरच्या वर्षी सगळं जग बंद झालं.

शाळा बंद, एस.टी. बंद, आणि पोरांचा अभ्यास मोबाइलवर यायला लागला. गावात मोबाइल होते, पण रेंज नव्हती. शाळेच्या पायरीवर एक दांडी, देवळाच्या मागच्या आंब्याखाली दीड. मुलं हात वर करून गावभर फिरायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, देवाला गाऱ्हाणं घालायला निघालीत. सातवीतली सानिका अशीच हात वर करून पाखाडी चढली, काशीआत्याचं खळं ओलांडलं, गडग्यावरून उडी मारली आणि कातळावर उभी राहिली. तिच्या हातातला फोन एकदम टुंग टुंग टुंग करत सुटला. काशीआत्या तेव्हा तिथे आमसुलं पसरत होती.

"काय झाला गो? बिघडला काय?"

"आते, रेंज! फुल रेंज!"

"कुठं?"

"हितं! तुझ्या कातळावर!"

काशीआत्याने आपल्या पायाखाली बघितलं. आमसुलांशिवाय काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात-आठ पोरं आली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या आया आल्या, मुलं खरंच अभ्यास करतात का ते बघायला. मग बँकेतले पैसे आले का बघणारे आले. मुंबईहून आलेली मनस्वी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन आली आणि गडग्याला टेकून मिटिंग करू लागली. मिटिंगमध्ये मागे बैल हंबरला तर ती म्हणायची, "सॉरी, माझा कलीग." मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. रत्नागिरीचं कॉलेज बंद होतं आणि माझेही तास त्याच कातळावर होऊ लागले.

सगळ्यांकडे नेटचा पॅक नव्हता. मनस्वीकडे होता, आणि ती तिचं नेट पोरांना वाटून द्यायची. सकाळ झाली की पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची. "वहिनी, हॉटस्पॉट दे ना. वहिनी, हॉटस्पॉट." आठवडाभरात जागेचंच नाव हॉटस्पॉट पडलं. कुठे चाललास? हॉटस्पॉटवर. भाऊ कुठाय? हॉटस्पॉटवर. शेळ्या कुठं गेल्या? गेल्या असतील हॉटस्पॉटला.

काशीआत्याने एक दिवस सानिकाला बोलावून विचारलं, "हॉटस्पॉट म्हंजे काय गो?"

सानिकाचा इंग्रजीचा तास नुकताच संपला होता. ती म्हणाली, "हॉट म्हणजे गरम. स्पॉट म्हणजे जागा."

दिवस एप्रिलचे होते. काशीआत्याने कातळाला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "पाय ठेववत नाय दुपारचा. शहाण्या माणसानं ठेवलेला दिसतंय नाव."

त्या दिवसापासून तीही तो शब्द वापरू लागली. तिच्यापुरता त्यात मोबाइलचा काही संबंध नव्हता.

आमसुलांना आता जागा उरली नव्हती. तिने ती पडवीच्या पत्र्यावर टाकली आणि त्याबद्दल रोज तक्रार केली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. पोरांनी तिचा कातळ बळकावला, पोरांनी खळ्यात चिखल आणला, पोरांनी माठ रिकामा केला. आणि रोज सकाळी माठ भरून गडग्यावर ठेवला, त्यावर पेला उपडा घातला. पाऊस जवळ आला तेव्हा तिने मांडवाच्या मेढी उपटून कातळाच्या फटींत ठोकून घेतल्या आणि वर ताडपत्री बांधली. गुरांच्या गवताला ती ताडपत्री हवी होती. गवत तिने पडवीत घेतलं आणि स्वतः ओटीवर झोपायला लागली.

रेंज सगळ्या कातळावर सारखी नव्हती. ती नेमकी कुठे आहे हे काशीआत्याला आमच्या आधी कळायचं, आणि त्यात काही जादू नव्हती. ती फोन बघतच नव्हती, ती तोंडं बघायची. रेंज आली की माणसाचं तोंड सैल होतं, गेली की घट्ट. रोज गडग्यावर बसून तिने हे बघितलं होतं. कुणी नवीन आलं, फोन वर-खाली करायला लागलं, की ती बसल्या जागेवरून सांगायची, "जरा डाव्या अंगाला सर." माणूस सरायचं. तोंड सैल व्हायचं. काशीआत्या पुन्हा सुपातले कुळीथ निवडायला लागायची.

एकदा माझा भाषाविज्ञानाचा तास चालू होता. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता म्हणून मी आवाज मोठा केला होता. सर जोडशब्द शिकवत होते. दोन शब्द जोडले की तयार होणारा अर्थ हा त्या दोघांची नुसती बेरीज नसतो, असं काहीसं.

"काय म्हणतंत मास्तर?" काशीआत्याने विचारलं.

"दोन शब्द एकत्र आणले की अर्थ बदलतो, म्हणतात."

तिने थोडा विचार केला. "मग सुटे ठेवावेत ना."

सरांनी पुढचं उदाहरण दिलं तोवर रेंज गेली होती.

गुरुप्रसादचा रविवारचा फोन आता वेगळा व्हायला लागला. मागचा गलका त्याला ऐकू जायचा.

"काकी, कोण आहे तिथं?"

"माणसं हायत."

"किती?"

"थांब, तुलाच ऐकवतंय," म्हणून ती फोन हवेत धरायची. पाढे, इंग्रजी कविता, मनस्वीची मिटिंग आणि बैल, सगळं एकत्र डोंबिवलीला जायचं. गॅलरीचा विषय त्या वर्षी निघाला नाही.

पुढच्या मे महिन्यात तो शब्द पुन्हा उलटला.

दुसरी लाट होती. जिल्ह्यात रोज आकडे वाढत होते. गावाच्या कोरोना कृतिदलात दीपक होता, मनस्वीचा दीर. मनाने चांगला, पण कुणी वरून फोन केला की छाती पुढे काढून बोलणारा. त्याला तालुक्याहून कुणाचा तरी फोन आला. दीपक तेव्हा आपल्या घरी होता, म्हणजे रेंज अर्धी. हे संभाषण त्यानेच पुढे इतक्यांदा सांगितलं की गावाला ते पाठ आहे.

पलीकडून विचारलं, "तुमच्या गावात... खरखर... हॉटस्पॉट आहे का?"

दीपकला अभिमान वाटला. आपल्या गावची सोय तालुक्यापर्यंत पोचली होती.

"आहे ना साहेब! काशीआत्याच्या घरामागं."

"किती जण आहेत?"

"सकाळी पंधरा-वीस. संध्याकाळी जास्त."

"जास्त?"

"मुंबईवाले आल्यापासनं वाढलेत."

"सगळे एकाच घरात?"

"नाय नाय, घरात अगदीच कमी मिळतो. बाहेर कातळावर मात्र एकदम स्ट्राँग."

"आणि तुम्ही काय उपाययोजना केलीत?"

"ताडपत्री बांधलीय साहेब. पिण्याच्या पाण्याची सोय केलीय. अजून कुणाला यायचं असेल तर—"

इथे फोन कट झाला. दीपकला वाटलं, साहेबांना काम आलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. पांढऱ्या पोशाखातली चार माणसं पाखाडी चढून वर गेली. त्यांना वाटेत जो भेटेल त्याने सांगितलं, हॉटस्पॉट ना, सरळ वर, शेवटचं घर. कातळावर पोरं अभ्यासाला बसली होती. त्यांना ओळीत उभं करून नाकात काड्या घालण्यात आल्या. ग्रामपंचायतीने घाईघाईने बांबू रोवले, लाल-पांढरी पट्टी बांधली आणि एक पत्र्याची पाटी लावली: प्रतिबंधित क्षेत्र. प्रवेश मनाई.

त्यातल्या एका माणसाने वही उघडून काशीआत्याला विचारलं, "आजी, गेल्या काही दिवसांत तुम्ही कुणाकुणाच्या संपर्कात आला होतात?"

"सगळ्यांच्या," काशीआत्या म्हणाली. असं सांगायची संधी तिला बऱ्याच वर्षांनी मिळाली होती.

"सगळ्या म्हणजे?"

"गावच्या. तुम्हीपण आलात नव्हं? तुम्हाला धरून सगळ्यांच्या. गूळपाणी घेता?"

त्यांनी घेतलं नाही. तिला ते लागलं. तिच्या खळ्यातून कुणी गूळपाणी न घेता गेल्याचं तिला आठवत नव्हतं.

एकालाही काही निघालं नाही. पण ते अधिकृतपणे कळेपर्यंत पट्टी तशीच राहिली, आणि काशीआत्या आत. गंमत म्हणजे रेंजही आतच होती. पोरं पट्टीच्या बाहेर उभी राहून फोनसकट हात आत घालायची. काशीआत्या लांबून ओरडायची, "डाव्या अंगाला, डाव्या अंगाला!" पण डावीकडे पट्टी होती.

त्या रविवारी गुरुप्रसादने दीपकला फोन लावला. दीपकने जे सांगितलं ते ऐकून तो म्हणाला, "गाड्या सुरू झाल्या की येतो मी. आता बास झालं. काकीला सांग, तिचंच बोलणं आहे."

दीपकने पट्टीच्या बाहेरून निरोप सांगितला. काशीआत्या तेव्हा कातळ झाडत होती. पट्टीच्या आतला.

"तू मेल्या हॉटस्पॉट," ती त्याला म्हणाली. पुढे ती त्याला कायम त्याच नावाने हाक मारायची.

पट्टी निघाली तरी माणसं आली नाहीत. रोग नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. पण पाटी सगळ्यांनी वाचली होती. काशीआत्या एकदा स्वतःच पाखाडी उतरून सानिकाच्या आईकडे, गंगाकडे गेली.

"गंगे, पोर का पाठवत नायस?"

"तसा काय नाय गो आते. पण लोक म्हणतंत ना, हॉटस्पॉट होता."

"अगो, तो आधीपण होता! तेवा तर डबा देऊन पाठवायचीस!"

गंगाने चुलीवर आधण ठेवलं. तिने काशीआत्याला चहा दिला. काशीआत्याने तो पिऊन टाकला आणि वर परत गेली. पाटी तिने उपटली. पण पत्रा चांगला होता म्हणून टाकली नाही, कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवली.

शेवटी काशीआत्याला तारलं ते परीक्षेने. परीक्षा ऑनलाइन झाली, आणि भीतीपेक्षा नापास होणं जवळचं होतं. आधी सानिका आली, मग बाकीची. माठ गडग्यावर भरलेलाच होता. गुरुप्रसाद आला तेव्हा खळ्यात चपलांचा ढीग बघून त्याने आपल्या चपला कुठे काढाव्यात याचा थोडा वेळ विचार केला, आणि दोन दिवस राहून एकटाच परत गेला.

मग टॉवर आला.

गावाची ती जुनी मागणी होती. शाळेच्या मागे टॉवर उभा राहिला. नारळ फोडला, पेढे वाटले. काशीआत्याही खाली आली होती. तिने टाळ्या वाजवल्या, पेढा खाल्ला, एक पदराला बांधून घेतला. त्या संध्याकाळी गावातली प्रत्येक खिडकी आतून निळसर दिसत होती. जो तो आपापल्या घरात बसून फोन बघत होता. कातळावर कुणीही गेलं नाही. त्यात कुणाचा काही दोष नव्हता. पाऊस पडायला लागल्यावर छत्रीत माणूस किती वेळ उभं राहणार, घर असताना.

काशीआत्याने ताडपत्री सोडली, घडी घातली आणि पुन्हा गवतावर घातली. मेढी तशाच राहू दिल्या. गुरुप्रसादचा फोन आता घरातही स्वच्छ ऐकू यायचा. त्याने विचारलं, "काकी, मागं कुणाचा आवाज नाय आज?"

"नाय," ती म्हणाली. यावेळी तिने फोन हवेत धरला नाही.

कातळ मात्र ती झाडत राहिली. पाऊस सुरू झाला, कातळावर शेवाळ धरलं, आणि पाय घसरायला लागला तेव्हा थांबली.

त्या वर्षी गुरुप्रसाद गणपतीला आला तो मोठी बॅग घेऊन, आणि ती रिकामी होती. काशीआत्याने बॅग उचलून बघितली आणि परत खाली ठेवली. आपला शब्द तिला आठवत होता. आरतीला माणसं आली, पण ती गणपतीकडे आली होती, हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही. विसर्जनानंतर तिने दोन लुगडी, भागोजीचा फोटो आणि आमसुलांची बरणी बॅगेत ठेवली. शेळ्या दीपककडे द्यायचं ठरलं. निघायच्या आदल्या सकाळी गुरुप्रसाद पडवीत दाढी करत होता, आणि तिने सवयीने कातळाकडे बघितलं.

कातळावर दोन मुली पालथ्या पडल्या होत्या.

ती तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन धावली.

"काय गो बायांनू, भोवळ आली काय?"

एकीने मान वर केली. तिच्या डोळ्याला भिंग लावलेलं होतं. "नाही आजी. फुलं बघतोय."

"झोपून?"

"लहान आहेत ना."

त्या वेदिका आणि नेत्रा, रत्नागिरीहून वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासाला आलेल्या. काशीआत्या खाली बसली. ताडपत्रीखाली जिथे इतके दिवस पोरं बसायची तिथे, खळग्यांतल्या बोटभर मातीत, निळी-जांभळी फुलं उभी होती, तांदळाच्या दाण्याएवढी. सीतेची आसवं. त्यांच्यामधून पांढरे गेंद. ती तिने लहानपणापासून बघितली होती, पण त्यांच्याकडे बघायला म्हणून कुणी येतं हे तिला माहीत नव्हतं.

"आजी, हा हॉटस्पॉट आहे," वेदिका म्हणाली.

"होता," काशीआत्या म्हणाली. "आता खाली टॉवर झाला."

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मग नेत्राने समजावलं. जगात दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत अशा वनस्पती काही ठराविक जागांवर सापडतात, त्या जागांना हॉटस्पॉट म्हणतात, आणि आपला सह्याद्री, आपले सडे त्यात येतात. काशीआत्या सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे गरम जागा नव्हं?"

"गरम तसं नाही..."

"आणि साथ?"

"साथ नाही आजी. चांगली गोष्ट आहे ही."

"तिसऱ्यांदा अर्थ बदलला," काशीआत्या स्वतःशीच म्हणाली.

"इथं आधी काय होतं? एवढ्याच चौकोनात यंदा खूप दाट आलीत."

"पोरं होती."

"पायाखाली तुडवलं जात असेल. आता इथं कुणाला फिरू देऊ नका. आणि झाडूही नका, फटींतली माती जाते. आम्ही दर वर्षी बघायला येऊ. तुम्ही असाल ना इथं?"

काशीआत्याने मागे वळून बघितलं. पडवीत गुरुप्रसाद अर्ध्या तोंडाला साबण लावून उभा होता. त्याच्या पायाशी बॅग होती.

"गुरू," ती ओरडली, "ह्या बघ. ह्या काय गणपतीला आल्या नायत."

"काकी, ह्या फुलं बघायला आल्यात. तुझ्याकडं नाय आल्या."

"पाणी कुणाचा प्यायल्या?"

नेत्राच्या हातात तांब्या होता. वेदिका गूळ चघळत होती. गुरुप्रसादने दोघींकडे बघितलं, मग उरलेली दाढी केली. तो दुसऱ्या दिवशी गेला. बॅगेत त्याने तांदूळ आणि आमसुलांची बरणी नेली. लुगडी आणि फोटो खुंटीवर आणि भिंतीवर परत गेले. काचेच्या गॅलरीत पुढे त्याने तुळस ठेवली, असं तो सांगतो.

काशीआत्याने खुराड्यावरची पाटी काढली, धुतली, आणि कातळावर ताडपत्रीच्या जुन्या मेढीला बांधली. प्रतिबंधित क्षेत्र. प्रवेश मनाई. ती बघून गंगा म्हणाली, "आते, ही परत कशाला लावलीस? लोक घाबरतील."

"घाबरू देत. फुलांवर पाय तरी ठेवायचे नायत."

लोक घाबरले नाहीत. उलट, मनाई कसली आहे ते बघायला आले. मुलींनी कुठेतरी फोटो टाकले होते. पुढच्या सप्टेंबरला रत्नागिरीहून, राजापूरहून, एकदा तर मंडणगडहून गाडी करून माणसं आली. काशीआत्या गडग्यावर केरसुणी घेऊन बसायची. झाडायला नव्हे, हाकलायला. कुणी सेल्फी काढत मागे मागे सरकायला लागलं की ती बसल्या जागेवरून ओरडायची, "ए बाबा! पायाखाली बघ! जरा डाव्या अंगाला सर!" माणूस दचकून सरायचं. मग ती त्याला खळ्यात बोलवायची, गूळपाणी द्यायची, आणि तो गूळपाणी पीत असताना त्याला पुन्हा सगळं सुनवायची. माणसं हसत हसत ऐकून घ्यायची. रविवारी फोन आला की गुरुप्रसादला मागून तिचाच आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या कुणाला ओरडणारा. "काकी, माझ्याशी बोल ना," तो म्हणायचा.

"थांब रे. एक मेला बसलाय सीतेच्या आसवांवर."

झाडणं मात्र तिला सुटलं नाही. मुलींनी नको म्हटलं होतं, म्हणून ती कातळाच्या कडेने केरसुणी जमिनीला न लावता, वरच्यावर फिरवायची. मग कंबर सरळ करून खाली वाडीकडे बघायची.

गेल्या पौषात तिला ताप आला आणि तो उतरेना. गुरुप्रसाद येऊन राहिला होता. तिला खाटेवर नव्हे, पडवीत घोंगडीवर बसायचं होतं, खांबाला टेकून, तोंड कातळाकडे करून. कातळावर त्या दिवसांत काही नसतं. फुलं कधीच वाळून गेलेली असतात, गवत पिवळं, आणि पाटी. मी रत्नागिरीला निघाले होते, एस.टी.ला वेळ होता म्हणून वर भेटायला गेले. पडवीच्या पायरीवर उभी राहिले तेवढ्यात माझा फोन वाजला. कामाचा होता, मी तिथेच उभी राहून बोलले. रेंज भरपूर होती. आता सगळीकडेच असते. बोलताना माझ्या लक्षात आलं, ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्यामधून पलीकडे बघायचा प्रयत्न करत होती. मी फोन बाजूला धरून विचारलं, "आत्ये, काय हवं?"

तिने हात थोडासा उचलला. केरसुणी धरतात तसा.

"जरा डाव्या अंगाला सर गो."